बत्तीस दारं आणि एक काकडी

काय काम करतेस, असं कोणी विचारलं की मी "कंट्रोल कार्ड बनवते" असं सांगते. मग समोरचा विचारतो, म्हणजे कॉम्प्युटर का? हो, कॉम्प्युटरच. पण त्याला पडदा नाही, टाइप करायला बटणं नाहीत, आणि त्याच्यावर कोणाला पत्ते खेळता येत नाहीत. वहीच्या पानापेक्षा लहान अशी एक हिरवी पट्टी, तिच्या मधोमध काळ्या गोमेसारखी दिसणारी एक चिप, आणि त्या गोमेला चाळीस पाय. चाळीसपैकी काही पाय तिच्या स्वतःच्या पोटापाण्यासाठी, म्हणजे वीज घ्यायला आणि घड्याळाचे ठोके घ्यायला. उरलेले बत्तीस पाय जगाशी बोलायला. त्या बत्तीस पायांना बोलतं करणं हा माझा धंदा. नाशिकमधल्या अंबडच्या औद्योगिक वसाहतीत एका पत्र्याच्या शेडमध्ये तो मी शिकले, आणि अजूनही तिथेच करते.

अनुभव लिहायला माझं वय झालेलं नाही, असं माझे वडील म्हणतात. त्यांचं एक सोडून द्या. ते सातपूरच्या एका कारखान्यात युनियनचं काम करत आणि युनियनची पत्रकं लिहीत, वाटण्याआधी घरी बसून एकेकाची घडी घालत. आमच्या घरात गोष्टीची पुस्तकं कमी आणि पत्रकांचे गठ्ठे जास्त. मी अक्षरं ओळखायला शिकले ती "कामगार बंधूंनो" या दोन शब्दांवर. भगिनी कुठे गेल्या, हे विचारण्याइतकी मोठी झाले तेव्हा वडिलांनी पुढच्या पत्रकापासून त्याही घातल्या. माझं नाव त्यांनी क्रांती ठेवलं. अशा नावाच्या मुलीला शांतपणे सोल्डरिंग करत बसणं किती अवघड जातं, ते ज्याचं नाव विजय किंवा शोभा आहे त्याला कळणार नाही.

डिप्लोमा झाला आणि नव्वदच्या दशकाच्या मधोमध मी निमसे सरांच्या शेडमध्ये लागले. निमसे सर नांदूरचे. घरची भाजीपाल्याची शेती. पहाटे कोथिंबिरीच्या जुड्या मार्केटला पोचवायच्या आणि मग त्याच स्कूटरवरून कारखान्यात यायचं, हा त्यांचा क्रम. त्यामुळे आमच्या शेडमध्ये सोल्डरिंगच्या राळेच्या धुराचा आणि मेथी-कोथिंबिरीचा मिळून एक वास असायचा. तो मला आजही जगातल्या कुठल्याही अत्तरापेक्षा आवडतो. त्यांचा एक नियम होता, गिऱ्हाइकाकडे रिकाम्या हाताने जायचं नाही. ज्या मोसमात जे पिकलं असेल त्याची पिशवी मीटर आणि स्क्रू-ड्रायव्हरच्या शेजारी ठेवायची. एकदा एका मोठ्या कारखान्याच्या गेटवर सुरक्षारक्षकाने आमची बॅग तपासली, तर मीटरच्या वायरी गवारीत गुंतलेल्या.

पहिल्या दिवशी त्यांनी मला चिप दाखवली आणि विचारलं, "दारं धरलीत का कधी?"

मी शहरातली. मग त्यांनी सांगितलं. विहिरीवरची मोटर चालू केली की पाणी पाटातून येतं. पाटाच्या बाजूला वाफे असतात. ज्या वाफ्याला पाणी द्यायचं त्याच्या तोंडाशी फावड्याने माती ओढून दार उघडायचं, भरला की माती लोटून बंद करायचं आणि पुढचं उघडायचं. याला दारं धरणं म्हणतात. "या गोमेला बत्तीस दारं आहेत," ते म्हणाले. "तू प्रोग्रॅम लिहायचा म्हणजे फावडं घेऊन फिरायचं. कुठलं कधी उघडायचं, कधी बंद करायचं, बस. बाकी कॉम्प्युटर-बिम्प्युटर लोकांना सांगायला."

इतक्या सोप्या शब्दांत मला ते कॉलेजात कोणी सांगितलं नव्हतं. पायावर एक लिहिला की तिथे पाच व्होल्ट येतात, शून्य लिहिलं की जातात. पाच व्होल्ट म्हणजे कुजबूज. तेवढ्याने साधा पंखाही फिरत नाही. म्हणून कुजबूज ऐकायला ट्रान्झिस्टर बसवायचा, त्याने रिलेला हाक मारायची, आणि रिलेने मोटरला ओरडून सांगायचं. आमचं सगळं काम या निरोप पोचवण्यात होतं. आणि काही पाय बोलायला नसून ऐकायला असतात. बटण दाबलं का, टाकी भरली का, झाकण बंद आहे का, हे ते ऐकतात. त्यातली गंमत मला फार आवडायची. आमच्या चिपमध्ये ज्या पायाने ऐकायचं असेल त्याला आधी एक लिहून मोकळं सोडावं लागतं. तुम्ही शून्य लिहून त्याला खाली दाबून धरलंत, तर बाहेरचा काहीही म्हणो, तुम्हाला शून्यच ऐकू येतं. सर म्हणत, "ऐकायचं असलं तर आधी आपला जोर काढून घ्यायचा." मी ते तेव्हा फक्त चिपबद्दल समजले.

प्रोग्रॅम लिहून चिपमध्ये भरायचा. चुकला तर पुसायचा. तेव्हा चिपच्या पाठीवर काचेची इवलीशी खिडकी असे. त्या खिडकीतून जांभळ्या दिव्याचा उजेड पाडला की लिहिलेलं पुसलं जाई. आमचा तो दिवा सरांनी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात बसवला होता. चिप डब्यात ठेवायची, झाकण लावायचं आणि चहा प्यायचा. आमच्या शेडमध्ये चहा किती व्हायचा यावरून माझ्या चुका मोजता आल्या असत्या.

आता या चिपची एक सवय सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. वीज आली की ती लगेच कामाला लागत नाही. पापणी लवेल इतका वेळ ती भानावर येत असते. तेवढ्या वेळात तुमचा प्रोग्रॅम सुरू झालेला नसतो, आणि तिच्या बत्तीसही पायांवर आपोआप एक असतो. बत्तीसही दारं सताड उघडी. हा काही तिचा दोष नाही. बनवणाऱ्यांनी ती तशीच बनवली आहे आणि तिच्या माहितीपत्रकात तसं लिहिलेलंही आहे. पण तुम्ही जर "एक म्हणजे चालू" अशी जोडणी केली असेल, तर वीज येताक्षणी तुमचं यंत्र पापणीभर चालू होतं आणि मग बंद होतं.

म्हणून आमच्या शेडचा नियम होता, शून्य म्हणजे चालू. मध्ये एकाचं शून्य आणि शून्याचं एक असा उलटा करणारा एक आयसी, म्हणजे छोटी चिप, घालायचा. मग भानावर येताना चिपने सगळे पाय वर केले तरी यंत्र झोपलेलंच राहतं. एक आयसी जास्त, चार टाके जास्त. या नियमाला सरांनी एकाच गिऱ्हाइकासाठी सूट दिली. पंचवटीतल्या एका गणेश मंडळाचे अध्यक्ष पळत्या दिव्यांचं कार्ड घ्यायला आले होते. शेजारच्या मंडळाचे दिवे डावीकडून उजवीकडे पळतात, म्हणून यांना उजवीकडून डावीकडे हवे होते. मी पायांचा क्रम उलटा केला आणि ते इतके खूश झाले की मलाच ओशाळं वाटलं. चाचणीसाठी आम्ही घाईत सरळ जोडणी केली होती. वीज दिली तेव्हा सगळे दिवे एकदम भप्पकन पेटले आणि विझले, मग पळायला लागले. मी म्हटलं, हे काढून टाकते. तर अध्यक्ष म्हणाले, "अहो ताई, ते राहू द्या. आरतीला लाईट आली की देवानं डोळे उघडल्यासारखं वाटतं." सर हसले आणि म्हणाले, "दिवे आहेत, राहू दे. बोटं नाहीत."

बोटांचा फोन सिन्नरहून आला.

तिथल्या औद्योगिक वसाहतीत गुंजाळ शेठ म्हणून एक होते. पत्र्याचे छोटे भाग दाबून काढण्याचा त्यांचा कारखाना. यंत्र म्हणजे पॉवर प्रेस. बाजूला एक जड चाक मोटरवर फिरत असतं, इशारा मिळाला की ते चाक वरच्या ठोकळ्याला पकडतं, ठोकळा एकदा खाली येऊन पत्र्याच्या पट्टीतून आकार कापतो आणि वर जाऊन थांबतो. त्याच्याखाली हात सापडला तर काय होतं ते सांगायची गरज नाही. सिन्नरला किंवा अंबडला चहाच्या टपरीवर उभे राहा आणि ग्लास धरलेले हात बघा. म्हणून प्रेसला दोन बटणं असतात, एकमेकांपासून लांब. दोन्ही हातांनी दोन्ही बटणं एकदम दाबली तरच ठोकळा पडतो. म्हणजे ठोकळा पडताना दोन्ही हात बटणांवर, बाहेर. ती बटणं वाचायची आणि इशारा द्यायचा, हे कार्डाचं काम. गुंजाळ शेठनी कार्डं बाहेरगावच्या कोणाकडून तरी घेतली होती.

शेठचं म्हणणं थोडक्यात असं. मंदा सांगळे नावाची त्यांची जुनी कामगार. तिच्या प्रेसवर डाय फुटली, म्हणजे आकार कापणारा साचा. चिमट्याने पट्टी सारखी करत असताना ठोकळा आला, चिमटा चेपला आणि साचा तडकला. ती म्हणते, मी बटणं दाबली नाहीत, लाईट आली आणि प्रेस आपोआप पडली. शेठ म्हणत, असं होतच नाही. तिने एका बटणात पाचर मारली असणार आणि दुसरं चुकून दाबलं असणार. "तुम्ही बाहेरचे आहात. कार्ड तपासा आणि बरोबर आहे म्हणून सांगा. म्हणजे विषय संपला."

विषय संपला म्हणजे मंदाताईंचं काम संपलं. तोवर त्यांना प्रेसवरून काढून पॅकिंगला बसवलं होतं.

पाचरीचं खरं होतं. जिथे तिथे हे चालतं. दोन्ही हात बटणांवर ठेवले की माल कमी निघतो, माल कमी निघाला की मुकादम ओरडतो. म्हणून एका बटणाच्या फटीत लाकडाची ढलपी खुपसायची, ते कायमचं दाबलेलं राहतं, आणि एक हात मोकळा. मालकाला माहीत असतं. तो बघत नाही, कारण माल निघतोय. आणि हात गेला की मात्र त्याला ती पाचर पहिल्यांदा दिसते. हे लिहिताना माझी लेखणी आजही जड पडते, कागदावर भोक पडेल इतकी.

आम्ही गेलो. मी कार्ड उघडलं आणि पाहताक्षणी मला कळलं. सरळ जोडणी. एक म्हणजे चालू. मी शेठना जवळजवळ विजयी आवाजात सांगितलं, की वीज येताना हे कार्ड एकदा खोटा इशारा देतं. शेठ शांतपणे म्हणाले, "दाखवा."

आमचा दुसरा नियम असा, की यंत्राची मोटर बंद ठेवूनच कार्ड तपासायचं. तसंच केलं. मोटर बंद, चाक स्थिर, मुख्य स्विच बंद केला, पुन्हा दिला. इशारा मिळाला की चाकाची पकड लावणाऱ्या चुंबकाने टक् असा आवाज केला. ठोकळा जागचा हलला नाही. पुन्हा केलं. पुन्हा टक्.

"मॅडम, टक् वाजल्यानं डाय फुटते का?" शेठ म्हणाले. मी म्हटलं, मोटर चालू असती तर ठोकळा पडला असता. ते म्हणाले, "लाईट गेली की मोटर बंद पडते. लाईट आली तरी आपोआप चालू होत नाही, हिरवं बटण दाबावं लागतं. ते मंदानं दाबलं नव्हतं, असं तीच सांगते. मग चालू मोटर आली कुठून?"

मी पुन्हा कार्डात डोकं घातलं. आणि हे कबूल करायला हवं, की शेठ लबाडी करत नव्हते. त्यांचा प्रश्न सरळ होता. पॅकिंगच्या टेबलाशी मंदाताई खोकी चिकटवत होत्या आणि आमच्याकडे बघत नव्हत्या. सरांनी शेठकडून थोडे दिवस मागून घेतले. सोबत आणलेली वांगी त्यांच्या टेबलावर ठेवली आणि आम्ही निघालो.

मी घरी आले ती पेटूनच. कार्ड चुकीचं आहे हे मला माहीत होतं, मग आणखी पुरावा कशाला? मी पत्रक लिहायला बसले. "सिन्नरच्या कामगार बंधू-भगिनींनो" इथपासून "मंदा सांगळे यांना न्याय मिळालाच पाहिजे" इथपर्यंत एका दमात लिहिलं. त्यात भांडवलदार होता, रक्त होतं, पाचर मात्र नव्हती. पाचरीने बाजू लंगडी होते, म्हणून मी ती वगळली. वडिलांनी वाचलं आणि त्यांचे डोळे चमकले. बऱ्याच दिवसांनी घरात पत्रक लिहिलं गेलं होतं. त्यांनी दोन ठिकाणी उद्गारचिन्हं वाढवली.

निमसे सरांना दाखवलं तर त्यांनी ते पूर्ण वाचलं, घडी घातली आणि परत दिलं. "चांगलं लिहिलंय, क्रांतीबाई. जिच्याबद्दल लिहिलंय तिला विचारलं का?"

विचारलं नव्हतं. म्हणून पाळी सुटायच्या वेळेला आम्ही सिन्नरच्या एसटी स्टँडवर मंदाताईंना गाठलं. पन्नाशीकडे झुकलेल्या, काटक, नाकात मोरणी. शेठच्या कारखान्यातल्या सगळ्या बायकांना प्रेस शिकवणाऱ्या त्याच, हे मला तेव्हा कळलं. सरांनी त्यांना काकड्यांची पिशवी दिली. त्यांनी ती संकोचत घेतली आणि म्हणाल्या, "कार्ड पास करायचं का नापास करायचं, त्यावर काकडी कशाला हवी?" सर म्हणाले, बागेतली आहे, खा. मग आम्ही टपरीपाशी बसलो आणि मी पत्रक वाचून दाखवलं.

त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाल्या, "लय भारी लिव्हलंय, ताई. पण तू हे वाटशील आन् संध्याकाळच्या गाडीनं नाशिकला जाशील. मला उद्या सकाळी हितंच यायचंय."

मी काहीतरी बोलायला गेले. त्यांनी हात वर केला.

"आन् पाचर मी मारते. मारत नाय असं नाय. त्या दिवशी नव्हती मारली. पण आता ज्या बायांना मी शिकवलं, त्याच म्हणत्यात, मंदाक्काचा हात चुकला. रोज ऐकून ऐकून मलाच वाटाया लागलंय, लागला असंल का माझा हात? तुझ्या कागदात ह्याचं उत्तर हाय का?"

नव्हतं. मी इतका वेळ त्यांच्या बाजूने बोलत होते आणि त्यांना एकही प्रश्न विचारला नव्हता. मला त्या चिपचा पाय आठवला. मी शून्य दाबून धरलं होतं.

सर बशीत चहा ओतत होते. त्यांनी सहज विचारावं तसं विचारलं, "मंदाबाई, त्या दिवशी लाईट किती वेळ गेली होती?"

"गेली कुठं? झपकी मारली नुसती. मी म्हटलं आता दोन तास बसा. म्हणून पदर नीट खोचला. पट्टी अर्धवट राहिली होती, ती चिमट्यानं सरकवाया गेले, तवर लाईट आली बी, आन् तेवढ्यात..."

सरांनी बशी खाली ठेवली. आम्ही सगळे आजवर "लाईट गेली आणि आली" एवढंच ऐकत होतो आणि आपापल्या डोक्यातलं भारनियमन त्याच्यावर चिकटवत होतो. भारनियमन म्हणजे तासन्‌तास. "क्रांतीबाई," ते माझ्याकडे वळून म्हणाले, "मोटर बंद केली म्हणजे पाट लगेच कोरडा होतो का?"

मला कळायला क्षणभर लागला. मग असं कळलं की मी उभीच राहिले. मोटर बंद केली तरी पाटात असलेलं पाणी वाहतच राहतं, आणि दार उघडं असेल तर वाफ्यात शिरतं. लाईट गेली की मोटर मरते, पण चाक नाही. ते जड चाक आपल्या जोरावर कितीतरी वेळ फिरत राहतं. त्या वेळात वीज परत आली की कार्ड भानावर येतं, बत्तीस दारं उघडतात, चुंबक टक् करतो, आणि फिरतं चाक ठोकळ्याला पकडतं. मोटर चालू असायची गरजच नाही. आम्ही मोटर बंद ठेवून, चाक स्थिर असताना, अगदी नियमाने तपासलं होतं. आमच्या सावधपणानेच ते लपवलं होतं.

मला तेव्हाच कारखान्यात पळायचं होतं. सर म्हणाले, उद्या. सगळ्यांसमोर.

दुसऱ्या दिवशी शेठ, मुकादम आणि पॅकिंगच्या बायका प्रेसभोवती उभ्या राहिल्या. सरांनी आधी सगळ्यांना दूर सरकवलं आणि दोन्ही बटणं शेठना स्वतः तपासायला लावली. पाचर नाही, काही नाही. मग त्यांनी पिशवीतून एक काकडी काढली, चांगली हातभर, आणि ठोकळ्याखाली आडवी ठेवली. एक जण हसली. मोटर चालू केली. चाक पुरत्या वेगाने फिरायला लागलं. बटणांच्या आसपास कोणीही नाही. सर मुख्य स्विचपाशी गेले, शेठकडे पाहून म्हणाले, "ही झपकी," आणि स्विच खाली ओढून लगेच वर केला.

ठोकळा पडला.

काकडीचं जे झालं ते मी वर्णन करणार नाही. तिच्या बिया शेठच्या पांढऱ्या शर्टावर होत्या. चाक एकटंच घरघरत हळू होत गेलं. मी मंदाताईंकडे पाहिलं. त्या काकडीकडे बघत नव्हत्या. त्या आपल्या उजव्या हाताकडे बघत होत्या, उलटा सुलटा करून, खूप दिवसांनी भेटलेल्या माणसाकडे बघावं तसा.

शेठ खाली बसले. शर्टावरच्या बिया एकेक करून काढत राहिले. मग म्हणाले, "मंदा, या सगळ्या प्रेसवर तेच कार्ड आहे." हे माफी मागणं होतं की नाही, मला ठरवता आलं नाही. पण ते मुकादमाला म्हणाले, सगळ्या प्रेस बंद कर, आणि मुकादमाने मालाचं काय असं विचारलं तेव्हा त्याच्याकडे असं पाहिलं की तो गेलाच. साच्याचा विषय त्यानंतर कोणी काढला नाही.

कार्डं आम्ही शेडमध्ये आणली. प्रत्येकात उलटा करणारा आयसी घातला आणि प्रोग्रॅम बदलला. त्या कामात मी आणखी एक गोष्ट केली, सरांना सांगून. दोन्ही बटणं एकाच वेळी दाबली गेली पाहिजेत, आणि प्रत्येक ठोक्यानंतर दोन्ही सोडली गेली पाहिजेत, अशी अट घातली. एक बटण कायमचं दाबलेलं राहिलं, तर दुसरं कितीही दाबा, ठोकळा हलणार नाही. म्हणजे पाचर मारून उपयोग नाही. मला वाटलं, यावर शेठ ओरडतील. ओरडल्या मंदाताई. "माल कमी निघंल, मग बोलणी कुणी खायची? तू?" त्या बरोबर होत्या. मग मी शेठकडे बसले, आणि दोन हातांनी जेवढा माल निघेल तेवढाच मोजायचा, हे त्यांच्याकडून मुकादमासमोर कबूल करून घेतलं. माझ्या आयुष्यातली ती पहिली वाटाघाट. घोषणा न देता झालेली, म्हणून वडिलांना तिचं कौतुक जरा कमीच.

कार्डं बसवली त्या दिवशी सरांनी पुन्हा काकडी ठेवली. या वेळी मुख्य स्विच त्यांनी मंदाताईंच्या हातात दिला. चाक फिरत होतं. त्यांनी पदर खोचला, स्विच खाली ओढला आणि वर केला. काही नाही. टक् सुद्धा नाही. पुन्हा ओढला, पुन्हा वर. काकडी तशीच. त्यांनी सगळ्या बायकांना एकेकदा स्विच ओढायला लावला, त्यांच्या शिकवायच्या पद्धतीनेच. मग वीज बंद ठेवून चाक पूर्ण थांबेपर्यंत थांबल्या, ठोकळ्याखाली हात घातला आणि काकडी बाहेर काढली. पदराला पुसली, मोडली आणि पहिला तुकडा शेठना दिला. कोणीतरी डब्यातलं मीठ काढलं. प्रेसच्या तेलाचा थोडा वास होता तिला, पण मी तेवढी चांगली काकडी परत खाल्लेली नाही.

"आता लिही तुझा कागद," मंदाताई मला म्हणाल्या. "पण कुणाला शिव्या नको. कसं तपासायचं तेवढं लिही. शेजारच्या शेडमंदी पण बाया हायेत."

मी लिहिला. तपासायची रीत, पायरी पायरीने. ठोकळ्याखाली काकडी ठेवा, सगळे दूर उभे राहा, मोटर चालवा, चाकाला वेग येऊ द्या, वीज क्षणभर तोडा आणि द्या. ठोकळा हलला तर प्रेस बंद ठेवा आणि कार्ड दुरुस्त करून घ्या. खाली एक ओळ, की पाचर मारणाऱ्या हाताला नावं ठेवण्याआधी मालाचा आकडा बघा. तेवढी एक ओळ मी सरांच्या हाता-पाया पडून ठेवली. मंदाताई आणि त्यांच्याबरोबरच्या बायकांनी तो कागद सिन्नरच्या स्टँडवर, शेअर जीपमध्ये, टपऱ्यांवर वाटला. अंबडला मी वाटला. पुढची कित्येक वर्षं मी एखाद्या प्रेसच्या कारखान्यात गेले, की भिंतीवर तेलाने पिवळा पडलेला तो चिकटवलेला दिसायचा. सगळीकडे कार्डं दुरुस्त झाली असं मी म्हणणार नाही. काही ठिकाणी तो कागद भिंतीवर होता आणि बटणात पाचरही होती. त्याची टोचणी आहे. पण आमच्या घरच्या गठ्ठ्यांतलं दुसरं कुठलंही पत्रक इतकी वर्षं भिंतीवर टिकलेलं मी पाहिलेलं नाही.

आता चिपला खिडकी नसते, जांभळा दिवा लागत नाही, बिस्किटांच्या डब्यात आम्ही बिस्किटं ठेवतो. निमसे सर शेडमध्ये रोज येत नाहीत, पण नवीन आलेल्या मुला-मुलींना पहिल्या दिवशी दारं धरण्याची गोष्ट मीच सांगते. त्यातल्या अर्ध्यांनी वाफा पाहिलेला नसतो. मग त्यांना नांदूरला घेऊन जाते, सर त्यांच्या हातात फावडं देतात, आणि बूट चिखलात भरले की बत्तीस पाय नीट समजतात.

त्या कागदाचा पहिला छापील गठ्ठा घरी आणला, तेव्हा वडिलांनी वरचा कागद उचलून चष्मा लावला होता. दोनदा वाचला. मागची बाजू बघितली, ती कोरी होती.

"यात मागणी कुठंय?" ते म्हणाले.

"नाहीये."

"घोषणा?"

"नाही. काकडी आहे. तिसऱ्या ओळीत."

त्यांनी तिसरी ओळ पुन्हा वाचली. मग गठ्ठा मांडीवर ओढून घेतला आणि नेहमीसारखी एकेका कागदाची घडी घालायला बसले.